रोज एक घर

लिफ्टवाला महिन्यातून एकदा त्या हॉस्पिटलात यायचा. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन दोर तपासायचे, ब्रेक बघायचा, एकेका मजल्यावर थांबून दरवाज्यांच्या रोलरना तेल द्यायचं, तळाच्या खड्ड्यात उतरून साचलेला कचरा काढायचा आणि कचेरीतून सही घेऊन निघायचं. दुपारपर्यंत सहज आटपणारं काम. पण त्या दिवशी तो दुसरं कुठलंच काम घ्यायचा नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तिसऱ्या मजल्यावर उतरायचा आणि मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

त्याची मुलगी अकरा वर्षांपूर्वी ह्याच वॉर्डात गेली. सात वर्षांची होती. घरात तिला ठकी म्हणत. जन्मली तेव्हा दुपट्यात घट्ट गुंडाळलेली बघून तिची मावशी म्हणाली होती, "अगं, ही तर लाकडाची ठकीच! डोळे तेवढे मिचकावते." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या दाखल्यावरचं नाव फक्त दाखल्यावर राहिलं.

त्या पॅसेजच्या भिंतीवर कुणा चित्रकाराने एक रस्ता रंगवला होता. वॉर्डाच्या दारापाशी सुरू होऊन तो चढत, वळसे घेत पॅसेजच्या टोकाला जायचा आणि तिथून कोपरा वळून सामानाच्या खोलीकडे. रस्त्याच्या कडेने एकमेकांना खेटून बसलेली घरं, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी काहीतरी उद्योग करत असलेलं. एका खिडकीतून बाई चादर झटकत होती आणि सगळी धूळ खाली उभ्या असलेल्या माणसाच्या टकलावर. एक आजोबा शिडीवरच झोपी गेले होते आणि हातातल्या ब्रशातून रंग ठिबकत होता. एक कुत्रा तोंडात बूट धरून पळत होता, पण बुटाचा मालक काही दिसत नव्हता. तो तीन घरं पुढे, एकाच पायात बूट घालून दाराशी उभा होता. ठकीने त्याला शोधून काढलं तेव्हा ती अशी काही ओरडली की सलाईनची सुई निघाली की काय म्हणून सिस्टर धावत आल्या.

पहिल्याच दिवशी तिला सगळी भिंत बघून टाकायची होती. चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, पळव!"

त्याने खुर्चीचा ब्रेक लावला. "असं नाही. रोज एक घर."

"का?"

"भराभर बघितलं तर घरातल्या माणसांना राग येतो."

खरं कारण वेगळं होतं. आदल्या दिवशी डॉक्टर त्याला बाजूला घेऊन बोलले होते आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. जोवर भिंतीवर घरं शिल्लक आहेत, तोवर पोरगी आहे. म्हणून कोपऱ्यापलीकडे किती घरं आहेत हे त्याने मोजलं नाही. नुसतं डोकावूनसुद्धा बघितलं नाही. डोकावलं असतं तर आकडा कळला असता.

ठकी कुरकुरली, पण तयार झाली. मग एकेका घरात ती अशी काही रमायची की विचारू नका. चादर झटकणाऱ्या काकूंचं टकलू काकांशी भांडण का झालं, आज ह्यांच्याकडे स्वयंपाक कुणी केला, आजोबा शिडीवरून पडले तर कुणाच्या अंगावर पडतील. बरं नसलं की तो तिला कडेवर घेऊन यायचा, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून एका डोळ्याने बघायची. असं करत करत दोघं कोपऱ्यापर्यंत पोचली. तिथलं घर निळ्या दाराचं होतं. ते बघून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला उठवता आलं नाही, आणि त्यानंतर खुर्चीची गरजच उरली नाही.

अकरा वर्षं तो पहिल्या घरापासून चालत निळ्या दारापर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. कोपरा त्याने कधी वळला नाही. पलीकडे लिफ्ट नव्हती, त्यामुळे कामही निघत नव्हतं. पलीकडचं बघायचं राहिलं होतं, आणि राहिलेलं होतं म्हणजे कुठेतरी ठकीचं अजून काहीतरी व्हायचं होतं. बायकोला ह्यातलं काही माहीत नव्हतं, किंवा असलं तरी ती बोलायची नाही. तिने स्वतः त्या हॉस्पिटलात पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

आणि एका महिन्यात तो तिसऱ्या मजल्यावर उतरला तर भिंत जागेवर नव्हती.

तिच्या जागी जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत काचेचा पडदा होता, अख्ख्या पॅसेजभर, आणि पडद्यावर रस्ता होता. तसाच चढ, तशीच खेटलेली घरं, तेच मातकट आणि निळे रंग. फक्त तो सरकत होता. एका खिडकीतून बाई चादर झटकत होती, पण त्या जुन्या काकू नव्हेत. कुत्रा पळत होता, पण तोंडात टोपी. घर डावीकडे नाहीसं झालं की उजवीकडून नवं घर यायचं, त्यात नवी माणसं, त्यामागून आणखी एक.

ठकीच्या वेळच्याच मोठ्या सिस्टर औषधांची गाडी ढकलत आल्या. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. "काय बघताय? छान आहे ना? भिंतीला ओल धरली होती हो. पोपडे पडायचे, मुलं नखांनी उकरून तोंडात घालायची. एका संस्थेने हे बसवून दिलं. जुन्या चित्राचे फोटो काढून मशीनला दिले, आता मशीन आपलं आपण पुढे काढत बसतं. एकदा गेलेलं घर परत यायचं नाव नाही."

"मग संपतं कुठे?"

"संपतच नाही. तेच तर. मुलं बघा कशी गप्प असतात. सुई टोचलेली कळत नाही."

ते खरं होतं. खुर्चीतला एक मुलगा पडद्याकडे बघत बसला होता. त्याची आई चमचा पुढे करायची आणि तो मान न वळवता तोंड उघडायचा. कुणी ओरडत नव्हतं. कुणी कुणाला बोट करून काही दाखवत नव्हतं. दाखवेपर्यंत ते निघून गेलं असतं. लिफ्टवाल्याला हे दिसलं, पण मनात भलतंच आलं. हे तेव्हा असतं तर? रोज एक घर, आणि कोपराच नाही. वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं. तरी भेटीची वेळ संपून शिपायाने हटकेपर्यंत तो तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. लिफ्टचा दरवाजा जरा घासतोय असं वाटलं, म्हणाला. त्यानंतर आला तेव्हा त्याला ती मुलगी दिसली.

रस्त्याच्या वरच्या अंगाला, पाठमोरी, दोन वेण्या, पिवळा फ्रॉक. चढ चढत होती. घराआड जायची, पुन्हा बाहेर यायची. फ्रॉकच्या गळ्याला चुण्या होत्या आणि डावीकडे एक खिसा. तो फ्रॉक त्याच्या ओळखीचा होता. कुठे पाहिला होता, कधी पाहिला होता, ते आठवायचीसुद्धा गरज नव्हती, इतका ओळखीचा. आता वळेल, त्याला वाटलं. वळणापाशी आली की मागे बघेल. ती वळणापाशी आली, वळली आणि पुढे नवा रस्ता लागला.

सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "असेल हो. मशीन काय वाट्टेल ते काढतं."

मग तो रोजच यायला लागला. एखाद्या दुपारी ती दिसायचीच नाही. तेव्हा निघवत नसे, कारण पाठ वळली की ती यायची. दिसली की निघवत नसे, कारण ती दिसत होती. जुन्या भिंतीवर निळं दार आलं की पाय आपोआप मागे फिरायचे. इथे निघायला अशी जागाच सापडत नव्हती. घर आलं, गेलं, दुसरं आलं. घरी आल्यावर तो ताटावर बसून भिंतीकडे बघत जेवायचा, बायको काही बोलली की "हं" म्हणायचा. ती तयार कपड्यांच्या दोन दुकानांसाठी घरीच शिवणाच्या मशीनवर कपडे कमीजास्त करून द्यायची. दोऱ्याचं टोक तोंडात धरून ती त्याच्याकडे बघत राहायची आणि पुन्हा मशीन सुरू करायची.

एका सोमवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारी बाई एकटीच. ती इमारत लिफ्टवाल्याच्या वाट्याची होती. त्याला फोनवर फोन गेले, पण फोन पिशवीच्या तळाशी, पान्यांच्या खाली, आवाज बंद केलेला. तासदीड तासाने आगीच्या बंबवाल्यांनी दरवाजा तोडून बाईंना बाहेर काढलं. कंपनीतल्या साहेबांनी त्याच्या घरी फोन केला आणि जे तोंडाला आलं ते त्याच्या बायकोला ऐकवलं.

तिने फोन ठेवला. कात्री खाली ठेवली, पायांत चपला सरकवल्या आणि बस धरून थेट हॉस्पिटलात आली. तिसऱ्या मजल्यावर जिना चढून आली. दाराशी क्षणभर थबकली, मग पॅसेजमध्ये शिरली.

"अहो."

तो दचकला. "तू कशी काय इथे?"

"म्हातारी बरी आहे," ती म्हणाली.

"कोण म्हातारी?"

तिने सगळं सांगितलं. तो मान हलवत होता, पण डोळे पडद्यावरच. मग त्याने तिचा हात धरला. "थांब जरा. आत्ता येईल, बघ तू."

"कोण?"

"बघ तर खरं."

बऱ्याच वेळाने एका घराआडून पिवळा फ्रॉक बाहेर आला आणि चढ चढायला लागला.

"ओळखलंस?" त्याने विचारलं.

बायको पुढे झाली, अगदी काचेजवळ. एका जाग्यावर उभी राहून तिने त्या मुलीला पार दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. "कोण आहे ही?"

"असं काय विचारतेस? फ्रॉक बघितला नाहीस? पिवळा. डावीकडे खिसा."

"अहो, ठकीकडे पिवळा फ्रॉक नव्हता."

"होता. वाढदिवसाचा."

"वाढदिवसाचा लाल. पांढऱ्या ठिपक्यांचा. तिचा एकूण एक फ्रॉक मी शिवलाय. पोर मुळात फिकट, पिवळ्यात आणखीच आजारी दिसली असती. ते कापड मी तिला कधी आणलंच नाही."

तो लाल फ्रॉक आठवायला लागला. वाढदिवस आठवला, टेबल आठवलं, मावशी हसत होती ते आठवलं. मध्ये ठकी बसली होती, आणि तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. त्याने शाळेचं फाटक आठवलं. तिथेही पिवळा. हॉस्पिटलची खुर्ची आठवली. पिवळा. त्याने तिचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला तर ती पाठमोरीच बसली होती.

"वेण्या?" त्याने विचारलं.

"कसल्या वेण्या? बॉबकट होता तिचा. वेण्या घालायला बसली असती होय ती एका जागी? आणि नंतर तर तोही राहिला नाही."

लिफ्टवाला भिंतीला टेकून खाली बसला. टेकला ती भिंत नव्हती, पडदा होता. पाठीला ऊब लागली तसा तो झटकन पुढे सरकला. "मी तिला विसरलो गं."

"विसरला नाहीत. ह्या बयेने तिची जागा बळकावली." ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. रोज एक घर का, कोपरा का वळला नाही, महिन्याच्या महिन्याला इथे येऊन काय करायचा. "पलीकडचं तिचं बघायचं राहिलं. मी ठेवून दिलं होतं. आता तेही गेलं."

बायको बोटाला टोचलेल्या सुईची जुनी खूण दुसऱ्या हाताने चोळत राहिली. मग म्हणाली, "राहिलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मी नेलं होतं तिला पलीकडे. तुम्ही निळ्या दारापर्यंत पोचलात त्याच्या कितीतरी आधी. तुम्ही कामावर होतात. मला म्हणाली, आई, शेवट बघून येऊ या ना, मला राहवत नाही. बाबाला सांगू नकोस हं, त्याला हळूहळू बघायला आवडतं."

"मग रोज माझ्याबरोबर यायची ती..."

"तुमच्यासाठी यायची."

त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. पडद्यावर घरं सरकत होती आणि त्यांचे रंग दोघांच्या कपड्यांवरून जात होते. थोड्या वेळाने हात न काढताच त्याने विचारलं, "काय होतं पलीकडे?"

ती सांगायला लागली आणि थांबली. "उठा. जाऊन बघू."

पडदा कोपरा वळून गेला होता, पण सामानाच्या खोलीच्या दाराअलीकडे संपला होता. तिथे मशीनचं लोखंडी कपाट उभं होतं, आतल्या पंख्यांचा घूं घूं आवाज येत होता. कपाटामागे काचेचा पडदा लावून उपयोग काय, म्हणून तेवढा भिंतीचा तुकडा तसाच सोडून दिला होता. सिस्टरना हाक मारली. त्यांनी बायकोकडे निरखून बघितलं. "तुम्ही ठकीच्या आई ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्या कपाटाच्या चाकांची खिटी काढायला वाकल्या. "हातभरच सरकवा हं. वायरी आखूड आहेत. निघाली एखादी तर माझ्या नावाने शंख होईल."

तिघांनी कपाट ओढलं. लिफ्टवाला अंग चोरून मागे शिरला, बायको त्याच्या मागून. आत कपाटाची गरम हवा कोंडली होती. भिंतीला ओल होती, ठिकठिकाणी रंग सुटला होता, पण चित्र दिसत होतं. शेवटचं घर संपलं की रस्त्याच्या कडेला एक बाक होतं. बाकावर एक बाई बसली होती. चपला काढून खाली ठेवलेल्या, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतलेला, आणि ती तळवा चोळत होती. शेजारी पिशवी. त्यापुढे काही नाही. आकाशसुद्धा अर्ध्यातच थांबलं होतं, कुंचल्याचे शेवटचे फराटे वेगवेगळे दिसत होते. पुढे नुसती पांढरी भिंत.

"एवढंच?" तो म्हणाला.

"तिनेही हेच विचारलं."

"मग?"

"मग म्हणाली, चालून चालून पाय दुखले असतील हिचे. आणि पोट धरून हसली. तुम्हाला माहीत आहे कशी हसायची, आधी आवाजच यायचा नाही. मग म्हणाली, चल आई, आत जाऊ, मलाही झोप येतेय."

आवाजच यायचा नाही. ते त्याला आठवलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, पुढचा एक दात पडलेला, आणि आवाज मागून येणार. चेहरा क्षणभरच आला, पण समोरून आला. लिफ्टवाल्याने पांढऱ्या भिंतीवर हात ठेवला. ती गार आणि खरबरीत होती. त्याच्या छातीतून असा काही आवाज निघाला की सिस्टरनी मुकाट्याने वॉर्डाचं दार ओढून घेतलं.

नंतर कपाट पुन्हा जागेवर गेलं. इलाजच नव्हता, वायरी खरोखरच आखूड होत्या.

साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, पण कामावरून काढलं नाही. तो त्या म्हाताऱ्या बाईंची माफी मागायला गेला तेव्हा त्यांनी दार अर्धवट उघडून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आत बसून येत होती तेवढी गाणी म्हटली," त्या म्हणाल्या. "सगळी संपली तरी तुमचा पत्ता नाही!" मग त्याला आत घेऊन चहा पाजला.

हॉस्पिटलचं काम त्याने आपल्या जोडीदाराला देऊन टाकलं. कामावर ह्या जोडीदाराला सगळे मिशीवाला म्हणत. घरी बायकोने चिंध्यांचं गाठोडं सोडून त्या फ्रॉकचा उरलेला लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा त्याच्या हातात दिला. तो हातात धरला की वाढदिवस हळूहळू लाल व्हायचा. बाजूला ठेवला की कडेकडेने पिवळा परत यायचा. ठकीविषयी दोघं बोलायला लागली. कधी एखादी गोष्ट सांगता सांगता दोघांनाही कळायचं की हे सगळं सांगून झालेलं आहे, नवं काही उरलेलं नाही, आणि तरी मध्येच कुणी उठायचं नाही.

काही महिन्यांनी एका इमारतीच्या गच्चीवर मशीनच्या खोलीत तो आणि मिशीवाला दोर बदलत होते. मिशीवाला म्हणाला, "तुझ्या त्या हॉस्पिटलात आता समुद्र लावलाय."

"आणि रस्ता?"

"गेला. मुलांना कंटाळा आला म्हणे. आता मासे. रोज नवे."

"आणि ती मुलगी?"

"कुठली मुलगी?"

दोराचं टोक घट्ट धरून लिफ्टवाला उभा राहिला. ती वळणापाशी असताना रस्ता गेला असेल, की घराआड असताना? की कुठेतरी तिला कुणी बघत नसताना ती अजून चढतेच आहे? ह्यातलं वाईट कुठलं, ते त्याला ठरवता येईना.

संध्याकाळी घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "जी नव्हतीच, ती कुठे जाणार?"

थोडी शिवण पुढे गेली. मग तिने मशीन थांबवलं, सुईखालचं कापड तसंच राहू दिलं आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"फ्रॉक मात्र," ती म्हणाली, "चांगला शिवला होता कुणीतरी."